तांदळाचं पाणी

देवास,
कोजागरीनंतरचा बुधवार

प्रिय चिऊ,

बाटली पाठवायची होती तर आधी तोंडाने सांगायचं होतं ना! फोनवर तासभर बर्फाच्या गप्पा मारतेस, शेजारणीच्या मांजरीने काय खाल्लं ते सांगतेस, आणि एवढी मोठी गोष्ट गिळून बसलीस. दसऱ्याची सकाळ, घरात पाय ठेवायला जागा नाही, मी पुरण वाटत बसलेली, आणि दारात तो माधव उभा. जपानात तुझ्या भाषेच्या वर्गात होता म्हणे, इंदूरला घरी आला म्हणून तुझं सामान द्यायला इथवर आला. बिचाऱ्याने वाकून, दोन्ही हातांनी, तान्हं मूल द्यावं तसं ते गाठोडं माझ्या हातात दिलं. निळ्या फडक्यात गुंडाळलेलं, वर सुंदर गाठ. मला वाटलं पोरीने देवीला काही पाठवलं. सगळ्यांसमोर गाठ सोडली. आत बाटली! तीही औषधाएवढी नाही, चांगली हातभर लांब.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे, चौथी शिकलेल्या बाईच्या अक्षरात. तुला हिंदी शाळेत घातलं ती आमची चूक, आता वाचायला त्रास होईल. होऊ दे. एकेक अक्षर जुळवत वाच, म्हणजे मधलं गाळून पुढे पळता येणार नाही. फोनवर तू पळतेस. सगळी पानं झाली की फोटो काढून पाठवते, तेवढं मला येतं. कोणाकडून वाचून घेऊ नकोस, मोबाईलमधल्या त्या मशीनकडूनही नको.

तर बाटली. तीन वर्षं मी सगळ्या मोहल्ल्याला सांगत आले की माझी मुलगी तांदळाच्या कंपनीत आहे. खोटं काय होतं त्यात? तांदूळ घासता, धुता, भिजवता, वाफवता, सगळं तूच सांगितलंस. त्यापुढचं एक वाक्य मी बोलत नव्हते, बस. तेवढं एक वाक्य तू हातभर बाटलीत भरून, फडक्यात बांधून, ऐन दसऱ्याला माझ्या दारात पाठवलंस.

तुझ्या आत्यासाहेब धारहून नवरात्रालाच येऊन बसल्या होत्या. त्यांचं तुला माहीत आहे. गुरुमंत्र घेतल्यापासून कांदा बंद, लसूण बंद, चहासुद्धा बंद, आणि दुसऱ्याच्या कपात डोकावणं मात्र चालू. त्यांनी विचारलं, काय गं हे उमा? बाटलीवर लोंबीचं चित्र होतं, माझ्या तोंडातून निघून गेलं, वन्सं, तांदळाचं पाणी आहे, ताकदीचं. त्या म्हणाल्या, मग बघतेस काय, आण की, नऊ दिवस उभं राहून माझे गुडघे मेले. आता मी काय करू? नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागतं. स्टीलच्या गिलासात ओतून दिलं. पेज प्यावी तसं एका दमात प्यायल्या, पदराने ओठ पुसले आणि म्हणाल्या, बरं आहे गं, जरा आंबूस आहे पण पोटात ऊब येते, आणखी घाल. मी आणखी घातलं. नरकात जाईन मी, पण घातलं.

आणि नेमकी तेव्हाच सरदारपूरची मंडळी सोनं द्यायला आली. रणवीर, त्याची आई, आणि मागून मिठाईचे तीन डबे. तुझं-त्याचं लग्नाचं बोलणं चाललंय म्हणून मी नवे परदे लावले होते, आणि समोर सोफ्यावर आत्यासाहेब लाल गाल घेऊन बसलेल्या. आधी त्यांनी रणवीरच्या आईचा हात धरून सांगितलं, बाई, ही साडी तुम्ही गेल्या वर्षीही नेसला होता. मग रणवीरला म्हणाल्या, भिया, ये मूँछ निकाल दे, इसमें तू तेरे दादाजी जैसा लगता है. तुझे आबा पंख्याकडे बघत बसले. मी आपट्याची पानं वाटत सुटले, एकेकाला दोन-दोनदा. रणवीर हुशार, त्याला वास आला. त्याने बाटलीसमोर मोबाईल धरला, मोबाईलने वाचून सांगितलं, आणि तो हसत हसत ओरडला, काकी, ये तो दारू है! और आज दो अक्टूबर, ड्राय डे!

आत्यासाहेब म्हणाल्या, दारू? मग मी अर्धा तास काय पितेय? तेव्हा रणवीरच्या आईने सगळं सावरलं. बाई शहाणी आहे. म्हणाली, असू द्या हो उमाबाई, आजकाल पोरी काहीही शिकतात, लग्नानंतर ती थोडीच करणार आहे, सोडेलच ना. आबा म्हणाले, हो हो, सोडेल. मीही म्हटलं, सोडेल. काय करते? तोंड लपवायला तेवढा एकच परदा होता.

संध्याकाळी तुला फोन लावून मी पंधरा मिनिटं शिव्या घातल्या. लाज, आबरू, सरदारपूर, सगळं बोलले. तू पलीकडून एकदाही आवाज चढवला नाहीस. शेवटी म्हणालीस, ठीक आहे आई, मी कारखान्यातल्या मास्तरांना सांगते, नोकरी सोडते, डिसेंबरात कायमची येते, रणवीरच्या घरी हो कळव, तू म्हणशील तसं. आणि फोन ठेवला.

त्या वेळेपासून माझं डोकं तापलंय ते उतरत नाही. कशामुळे ते पुढे सांगते. आधी बाटलीचं संपवते.

दुसऱ्या दिवशी फडकं घडी घालताना त्यात तुझी चिठ्ठी सापडली. हिंदीत. हे सगळं आधी सापडलं असतं तर मी बाटली कपाटात टाकून कुलूप लावलं असतं. चिठ्ठीत लिहिलंस की ही साके, म्हणजे तांदळाची दारू, थंडीत गाळली, वसंतात एकदा गरम करून टाकीत बंद केली, मग आख्खा उन्हाळा गार कोठारात तिला कोणी हात लावला नाही. शरद लागला, बाहेरची हवा आणि कोठारातली हवा सारखी झाली, की तिला दुसऱ्यांदा न तापवता तशीच बाटलीत भरतात. हिवाळ्यात ती धारदार होती, उन्हाळाभर झोपून गोल झाली. हियाओरोशी म्हणतात तिला, वर्षातून याच दिवसांत मिळते, लोक वाट बघत असतात. चिठ्ठी वाचून मला आणखी राग आला. दारूला चार महिने कोणी उठवत नाही, आणि इथे बाई पाच मिनिटं डोळे मिटून पडली की दार वाजतं.

आणि चिठ्ठीतला तो तुमच्या कारखान्याच्या दारावरचा गोळा! देवदारासारख्या झाडाच्या पानांचा, टोपलीएवढा, नवी साके झाली की हिरवागार टांगायचा आणि वर्षभर हलवायचा नाही. तो वाळत वाळत शरदात तपकिरी झाला की गल्लीतल्या लोकांनी समजायचं, साके मुरली, चला. मी हे आबांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, आपल्या दारावर पाडव्याचं तोरण वाळून लटकलं की तुमची बहीण मला आळशी म्हणते, तिकडे वाळकं दिसलं की गिऱ्हाईक येतं. आबा हसले. मग ते पुसत होते की तांदळाला बुरशी आणतात ते खरं का. मी सांगितलं, खरं, गरम खोलीत मुद्दाम आणतात, आणि तुमची लेक ती बाळासारखी राखते. आबा म्हणाले, माझ्या सदऱ्याला बुरशी आली तर तिने फेकून दिला होता. हे तुला सांगतील असं वाटत नाही, म्हणून मी सांगते.

चिठ्ठीच्या शेवटी तू लिहिलंस, आई, यंदा तुमची कोजागरी आणि इथला चंद्र बघायचा सण एकाच दिवशी आहे. इथे गवताचे तुरे मडक्यात उभे करतात, तांदळाचे पांढरे गोळे रचून चंद्रासमोर ठेवतात. त्या दिवशी ही घे. एक नियम पाळ. आपला पेला आपण भरायचा नाही. समोरच्याने भरायचा आणि आपण त्याचा.

कोजागरीच्या दिवशी मी बाटली फेकणार होते. लोणच्याच्या बरणीमागे फ्रिजमध्ये लपवली होती, ती काढली, मोरीकडे निघाले, तर मागून आत्यासाहेब. हळूच म्हणतात, ते तांदळाचं पाणी उरलंय का गं? मी म्हटलं, वन्सं, तुमचा गुरुमंत्र? त्या म्हणाल्या, मंत्रात कांदा-लसूण सांगितलाय, तांदूळ नाही सांगितला. बोल, आहे काय बोलायला!

तर आम्ही दोघी गच्चीवर गेलो. चंद्र नुकता वर आला होता, टेकडीच्या बाजूला, पितळी परातीएवढा. दूध आटवून पातेलं झाकून ठेवलं होतं, आबा खाली टीव्हीसमोर. गवत कुठून आणू, मी झाडूचे दोन तुरे तांब्यात खोवले. सकाळी केलेली मोदकाची उकड उरली होती, तिचे गोळे वळले. हसू नकोस. चिठ्ठीत लिहिलं होतंस म्हणून केलं. आत्यासाहेबांचा पेला मी भरला. मग मी माझा भरायला बाटली उचलली तर त्यांनी माझ्या हातातून घेतली. म्हणाल्या, पोरीने लिहिलंय ना, स्वतःचं स्वतः नाही घ्यायचं, दे इकडे. आणि त्यांनी माझा पेला काठोकाठ भरला, थोडी साडीवर सांडली.

चिऊ, माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. या घरात पाणी, चहा, दूध, ताक, सरबत, सगळं मी ओतलं. पंगतीत वाढलं, दुखण्यात पाजलं. तीस वर्षांत माझा पेला दुसऱ्या कोणी भरल्याचं मला आठवत नाही. आणि भरला कोणी, तर ज्या बाईने पहिल्या दिवाळीला माझ्या करंज्या मोजल्या होत्या तिने! मी रडले. साकेमुळे नाही, तू लगेच तसं म्हणशील.

चव सांगते. पहिला घोट ओल्या तांदळासारखा, मग मागून पिकलेल्या पेरूसारखं काहीतरी आलं, मग काहीच नाही, नुसती ऊब. बोचत नाही. कडेला कुठे कोपरा नाही तिला. मी दुसरा घोट तोंडात धरून ठेवला आणि मला धारचं आमचं मागचं अंगण दिसलं.

हे तुला मी कधी सांगितलेलं नाही. तुझ्या आबांनाही अर्धंच माहीत आहे. माझी जानकी मावशी, जिच्याकडे मी वाढले, ती दारू गाळायची. धंद्याची नाही. नवमीला देवीपुढे महुआच्या दारूची धार लागते, ती आमच्या घरून जायची, शंभर वर्षं जात होती म्हणे. चैत्रात महुआची फुलं वेचून वाळवायची, आश्विन लागला की माठात भिजवायची. मावशीची नजर कमजोर होती म्हणून चौथीनंतर माझी शाळा सोडवून मला तिच्या हाताशी दिली. ती माठाला कान लावून ऐकायची. आत बुडबुडे बोलतात. आज भांडतंय, म्हणायची, उद्या कुजबुजेल, परवा गप्प होईल, मग चढवू भट्टीवर. मी अकरा वर्षांची असताना एकदा म्हटलं, मावशी, आज नको, हा कोपऱ्यातला अजून बोलतोय. तिने कान लावला, माझ्याकडे बघितलं आणि भट्टी विझवली. त्या वर्षीची धार सगळ्यांनी नावाजली. तेव्हापासून माठाला कान मीच लावायचे.

देवासचं स्थळ आलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. मावशी माझ्या वडिलांना म्हणाली, मुलगा चांगला आहे, पळून जात नाही, एक वर्ष थांबा, या पोरीला कान आहेत, दुसऱ्या कोणाला नाहीत. आणि माझ्या वडिलांनी, ज्यांनी जन्मात मला काही विचारलं नाही, त्यांनी त्या दिवशी मला विचारलं. ओट्यावर बसून, नीट. उमा, तुझं काय म्हणणं आहे? मी मान खाली घालून सांगितलं, तुम्ही म्हणाल तसं.

त्याच महिन्यात लग्न झालं. इकडे आल्यावर सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, माहेरी काय गाळत होते ते इथे कोणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. पुढच्या आश्विनात मावशीने एकटीनेच माठ भरले. तिने निरोप पाठवला होता, चार दिवस ये, मला ऐकू येत नाही नीट. मी आबांना विचारलं, त्यांनी सासूबाईंना विचारलं, मग दिवस गेले, तू पोटात होतीस, राहिलं. त्या वर्षीची धार बिघडली. मावशीने माठ फोडले आणि संक्रांतीआधी गेली. आता नवमीला देवीपुढे दारूच्या ठेक्यावरचा पव्वा फोडतात. मी दरवर्षी हात जोडून उभी राहते आणि दरवर्षी मला तो वास आवडत नाही.

तुझ्या पहिल्या हिवाळ्यात तू फोन केला होतास, आठवतं? ओरडत होतीस, आई, आमचे म्हातारे मास्तर टाकीला कान लावून ऐकतात, आणि आज त्यांनी मला ऐकायला लावलं, मी सांगितलेलं बरोबर निघालं! मी म्हटलं, भाजी करपतेय, ठेवते. चिऊ, भाजी करपत नव्हती. गॅससुद्धा पेटवला नव्हता. मी ओट्याला टेकून उभी होते.

आणि श्रावणात तू सांगितलंस की मास्तर म्हणतात, या हिवाळ्यात एक आख्खी टाकी तुझी, तांदूळ धुण्यापासून गाळण्यापर्यंत, कोणी मध्ये बोलणार नाही. त्या दिवशी तुझा आवाज असा होता की मी फोन ठेवल्यावर दोनदा घरातल्या घरात हरवले. हे सगळं तू पंधरा मिनिटांच्या शिव्यांवर सोडून दिलंस? मास्तरांशी नाही भांडलीस, रणवीरशी नाही बोललीस, माझ्यावर एकदा खेकसली नाहीस. आई म्हणते म्हणून! आई रोज म्हणते वेळेवर जेव, ते ऐकतेस? आई म्हणते केस कापू नकोस, ते ऐकलंस? नेमकं हेच बरं ऐकलंस. तीन वर्षं मी ये ये करत होते, कबूल. आईने म्हणायचं असतं. तू लगेच पेटी भरायची नसते.

म्हणून हे पत्र. बाटलीचा राग कोजागरीलाच उतरला, तुझ्या त्या तीन शब्दांचा उतरत नाही. ते माझे शब्द आहेत, तुझ्या तोंडात कोणी घातले? मीच घातले असणार, आणि म्हणून जास्त चिडले आहे. रणवीर मुलगा वाईट नाही. तो तुला खरंच हवा असेल तर तसं लिही, मी उद्या परदे धुवायला टाकते. तिथली टाकी हवी असेल तर तसं लिही, सरदारपूरला मी बघून घेते आणि आत्यासाहेब माझ्या बाजूने आहेत, त्यांनी गिलासावर हात ठेवून शपथ घेतलीय. दोन्ही हवं असेल तर त्याला स्वतः फोन कर आणि विचार, एवढी मिशी वाढवली आहे, उत्तर देता येईल त्याला. पण जे काय असेल ते माझ्या नावावर टाकायचं नाही. सरदारपूरची मंडळी धनत्रयोदशीला उत्तर मागायला येणार आहेत आणि तुझ्या मास्तरांचा नवा तांदूळ त्याच सुमारास येईल असं तू म्हणाली होतीस. बाटलीत चार बोटं साके उरली आहे. चिठ्ठीत लिहिलंय, उघडल्यावर फार दिवस ठेवू नये, चव बदलते. मला वसुबारसेच्या संध्याकाळपर्यंत तुझं उत्तर हवं. फोन नको. कागदावर, मराठीत, चुका चालतील. आणि त्यात कुठेही 'तू म्हणशील तसं' असलं, तर मी ते वाचलं नाही असं समजून पुन्हा लिही, वसुबारसेच्या आतच.

तुझीच, आणि अजून रागावलेली,
आई